लस घेतली नाही म्हणून पगार कापता येतो का?

लसीचं प्रमाणपत्र आणि नोकरीतले लाभ यांची सांगड घालणारे नियम कोविडच्या काळात घरोघरी पोचले. साथ ओसरली तरी प्रश्न थांबलेले नाहीत. रुग्णालयं, कारखाने, हॉटेलं आणि परदेशातल्या कंपन्या आजही अशा अटी घालतात, आणि त्यातल्या काही योग्य तर काही साफ चुकीच्या असतात. या अंकात हाच विषय. वाचकांची नावं दिलेली नाहीत, गाव आणि काम तेवढं दिलं आहे.

प्रश्न : मी खासगी रुग्णालयात परिचारिका आहे. नऊ वर्षांपूर्वी हिपॅटायटिस बी लसीचे तीन डोस घेतले, कार्ड जपून ठेवलं आहे. यंदा रुग्णालयाने सगळ्यांचं रक्त तपासलं, माझं टायटर 6 आलं. ‘तुमची लस झालेली नाही असं धरू’ म्हणून जोखीम भत्ता थांबवला आणि नव्या लसीचे पैसे पगारातून कापले. हे बरोबर आहे का? (सांगली)

नाही. वैद्यकीयदृष्ट्याही नाही आणि कायद्यानेही नाही.

आधी टायटर, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांचं (विषाणूशी लढणाऱ्या प्रथिनांचं) प्रमाण, समजून घ्या. अँटी-एचबीएस या त्याच्या तपासणीत 10 किंवा त्याहून जास्त एकक आले तर संरक्षण मिळालं असं मानतात. पण हा आकडा शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत घेतलेल्या तपासणीसाठी आहे. त्यानंतर रक्तातली प्रतिपिंडं वर्षागणिक कमी होतातच, मात्र शरीराची आठवण टिकते आणि विषाणू आला की प्रतिपिंडं पुन्हा वेगाने तयार होतात. म्हणून नऊ वर्षांनी आलेला 6 हा आकडा ‘लस झालेली नाही’ असं सांगत नाही. रुग्णालयाची खरी चूक आहे ती नऊ वर्षांपूर्वीची: तिसऱ्या डोसनंतर दोन महिन्यांच्या आत तपासणी करून तो अहवाल तुमच्या फाइलीला लावायला हवा होता.

आता काय करायचं? लसीचा एक डोस घ्या. प्रौढांसाठी तो 1 मिलिलीटर असतो आणि दंडाच्या स्नायूतच दिला पाहिजे. नितंबावर दिलेला डोस मोजणीत धरत नाहीत, कारण तिथे चरबीच्या थरात लस अडकते आणि प्रतिसाद कमी येतो. एक ते दोन महिन्यांनी पुन्हा टायटर करा. 10 च्या वर गेलं तर विषय कायमचा संपला. तो कागद लॅमिनेट करून ठेवा, पुन्हा पुन्हा तपासणीची गरज नाही. 10 च्या खालीच राहिलं तर उरलेले दोन डोस घेऊन दुसरी मालिका पूर्ण करायची आणि परत तपासायचं. तरीही प्रतिसाद नसेल तर एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी या दोन तपासण्या करतात, कारण कधीकधी आधीच झालेला संसर्ग हे त्यामागचं कारण असतं. निरोगी प्रौढांमध्येही शंभरात पाच ते दहा जणांना पहिल्या मालिकेचा पुरेसा प्रतिसाद मिळत नाही. चाळिशीनंतर, मधुमेहात, लठ्ठपणात आणि धूम्रपान करणाऱ्यांत हे प्रमाण वाढतं. तीन वेळा दंड पुढे करणाऱ्या माणसाला शरीराने साथ दिली नाही म्हणून दंड करणं हा अन्याय आहे.

जोखीम भत्ता मिळतो तो रक्त, सुया आणि रुग्णांच्या सहवासामुळे असलेल्या धोक्यापोटी. प्रतिपिंडं कमी असतील तर धोका वाढतो. तेव्हा भत्ता थांबवण्याचं कारण म्हणून टायटर दाखवणं उलटं आहे.

आता कायदा. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, 2016 मधील नियम 4 नुसार आपल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं ही रुग्णालय चालवणाऱ्याची जबाबदारी आहे. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 चं कलम 6 सांगतं की कामाच्या जागी सुरक्षा आणि आरोग्यासाठी जे काही केलं जातं त्याचे पैसे कर्मचाऱ्याकडून घेता येत नाहीत. आणि वेतन संहिता, 2019 च्या कलम 18 मध्ये पगारातून काय काय कापता येतं त्याची यादी आहे. त्या यादीबाहेरची कपात अनधिकृत. या संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या आहेत.

व्यवस्थापनाला लेखी अर्ज द्या. सोबत जुन्या लसीच्या कार्डाची प्रत, टायटरचा अहवाल, भत्ता दिसणारी मागच्या महिन्याची आणि भत्ता गायब झालेली या महिन्याची पगारपावती जोडा. मागण्या तीन: कापलेले पैसे परत, भत्ता पूर्ववत, पुढचा डोस आणि तपासणी रुग्णालयाच्या खर्चाने. प्रतीवर पोच घ्या. उत्तर आलं नाही तर वेतन संहितेच्या कलम 45 खाली दावा करता येतो. त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आणि अधिकाऱ्याला दाव्याच्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई ठरवण्याचा अधिकार आहे.

तोवर सुई टोचली तर थांबू नका. जागा साबण-पाण्याने धुवा, पिळू नका, लगेच नोंद करा. ज्याचं टायटर एकदा तरी 10 च्या वर गेल्याचा कागद आहे त्याला हिपॅटायटिस बीसाठी पुढे काही करावं लागत नाही. ज्याची लस झालेलीच नाही त्याला इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं: दर किलो वजनामागे 0.06 मिलिलीटर, म्हणजे 60 किलोच्या माणसाला 3.6 मिलिलीटर, शक्यतो 24 तासांच्या आत, आणि त्याच वेळी दुसऱ्या जागी लसीचा पहिला डोस. लस नसलेल्या माणसाला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता स्रोत रुग्णाच्या स्थितीनुसार 6 ते 30 टक्के असते. एचआयव्हीसाठी हीच शक्यता 0.3 टक्के आहे. लोक घाबरतात एचआयव्हीला आणि विसरतात हिपॅटायटिस बीला.

प्रश्न : वडील एका रुग्णालयात ठेकेदाराकडून कचरा उचलण्याचं काम करतात. पिवळ्या-लाल पिशव्या तेच बांधतात. रुग्णालय म्हणतं, ‘ते आमचे कर्मचारी नाहीत, लस ठेकेदार देईल.’ ठेकेदार म्हणतो, ‘अकरा महिन्यांचं कंत्राट, लस कशाला?’ आणि आता रुग्णालयाने लसीचं कार्ड नसलेल्यांना आत येऊ देणार नाही अशी नोटीस लावली आहे. (नाशिक)

वर सांगितलेल्या जैववैद्यकीय कचरा नियमांतल्या नियम 4 मध्ये शब्द आहेत ते आरोग्य कर्मचारी ‘आणि कचरा हाताळणारे इतर’ असे. वडील त्या ‘इतर’मध्ये स्पष्टपणे येतात. पगार कोण देतं याला इथे महत्त्व नाही. पिशवी ज्या रुग्णालयाची, लसीची व्यवस्था करायची त्या रुग्णालयाने. ठेकेदाराकडून तो खर्च वसूल करायचा की नाही हा त्या दोघांच्या करारातला मामला. कचरा गाडीतून सामायिक प्रक्रिया केंद्रावर जातो, त्या केंद्राच्या कामगारांसाठीही नियम 5 मध्ये रुजू होताना आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी आणि लसीकरण आहे. स्वतः लस द्यायची नाही आणि कार्ड नाही म्हणून दार बंद करायचं, हे चालणार नाही.

तक्रार कुठे करायची हे बहुतेकांना ठाऊक नसतं. कामगार कार्यालय आहेच, पण या बाबतीत जास्त वजन पडतं ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाचं, कारण रुग्णालयाला कचऱ्याची परवानगी तेच देतं. अर्जात रुग्णालयाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कामाची जागा, कामगारांची संख्या, आणि ‘नियम 4 प्रमाणे लसीकरण व वार्षिक तपासणीच्या नोंदी तपासाव्यात’ एवढी एकच मागणी लिहा. लांब तक्रारींपेक्षा ही एक ओळ जास्त काम करते.

अकरा महिन्यांच्या कंत्राटाचा मुद्दा खोटा आहे, पण त्यातून होणारं नुकसान खरं आहे. हिपॅटायटिस बीचे डोस पहिल्या दिवशी, एका महिन्याने आणि सहाव्या महिन्यात असतात. ठेकेदार बदलला की तिसरा डोस राहतो, कार्ड हरवतं, नवा मुकादम पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याची गरज नाही. मधे कितीही खंड पडला तरी मालिका जिथे थांबली तिथून पुढे चालू करायची. दोन झाले असतील तर फक्त तिसरा. म्हणून प्रत्येक डोसनंतर कार्डाचा फोटो घरच्या फोनमध्ये ठेवा. धनुर्वातासाठी प्रौढाला पूर्वी काहीच मिळालं नसेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, सहा ते बारा महिन्यांनी तिसरा आणि मग दर दहा वर्षांनी एक.

पगार 21,000 रुपयांपर्यंत असेल आणि आस्थापना ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येत असेल, तर वडिलांचा विमा क्रमांक आजच तपासा. कामामुळे जडलेला संसर्ग आरोग्यसेवेतल्या कामांसाठी व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, आणि ईएसआयचे लाभ देताना लस घेतली होती का हा प्रश्नच कायद्यात नाही. ‘लस नव्हती म्हणून क्लेम मिळणार नाही’ असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : आमच्या कारखान्यात पावसाळ्यापूर्वी फ्लूची लस देतात. यंदा सूचना अशी: लस घेणाऱ्याला 1,000 रुपयांचं कूपन, न घेणाऱ्याचा मेडिक्लेमचा कंपनीने दिलेला टॉप-अप (वाढीव विमा) बंद. मला पूर्वी फ्लूच्या लसीनंतर गंभीर अ‍ॅलर्जी झाली होती. (चाकण)

कूपनला हरकत नाही. पगाराच्या वर, मालकाने स्वतःहून दिलेली वस्तू आहे ती, आणि अट पूर्ण करणाऱ्याला द्यायला तो मोकळा आहे. फक्त तुमच्यासारख्यांना पर्यायी मार्ग ठेवायला हवा; डॉक्टरांचं प्रमाणपत्र दिलं की कूपन मिळावं.

टॉप-अपचं वेगळं आहे. तो वर्षानुवर्षं सगळ्यांना मिळत असेल तर रूढ सवलत झाली. औद्योगिक संबंध संहिता, 2020 च्या कलम 40 प्रमाणे अशी सवलत काढून घेण्याआधी कामगारांना 21 दिवसांची नोटीस द्यावी लागते. सूचनाफलकावर चिकटवलेला कागद ही ती नोटीस होत नाही. युनियन असेल तर हरकत युनियनच्या लेटरहेडवर जाऊ द्या. (हे संरक्षण संहितेतल्या ‘कामगारा’ला आहे, महिना 18,000 रुपयांहून जास्त पगार असलेले पर्यवेक्षक त्यात येत नाहीत. त्यांनी नेमणूकपत्र आणि कंपनीच्या धोरणातला मजकूर पाहावा.)

तुम्ही स्वतः ही लस घेऊ नका. आधीच्या डोसला तीव्र अ‍ॅलर्जी म्हणजे श्वास लागणं, ओठ-जीभ सुजणं, रक्तदाब पडणं हे झालं असेल तर ती लस पूर्ण वर्ज्य आहे. डॉक्टरांच्या पत्रात लसीचं नाव, तारीख, किती मिनिटांत काय झालं आणि काय उपचार करावे लागले हे यायला हवं. ‘लस घेऊ नये’ एवढ्या तीन शब्दांच्या चिठ्ठ्या कंपन्या नाकारतात. दुसऱ्या बाजूने, ‘मला अंडं चालत नाही’ हे आता फ्लूच्या लसीला नकार देण्याचं कारण मानलं जात नाही.

प्रश्न : कोविडच्या वेळी लस न घेणाऱ्यांचे पगार रोखण्याचे आदेश निघाले होते. ते कायदेशीर होते का? आजही काही ठिकाणी प्रमाणपत्र मागतात. (अकोला)

नोव्हेंबर 2021 मध्ये ठाणे महानगरपालिकेने पहिला डोसही न घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा पगार रोखण्याचा निर्णय जाहीर केला. डिसेंबरमध्ये पंजाब सरकारने पगारासाठी प्रमाणपत्राची नोंद मागितली. केंद्र सरकार मात्र न्यायालयात सातत्याने सांगत होतं की लस ऐच्छिक आहे. मेघालय उच्च न्यायालयाने जून 2021 मध्येच म्हटलं की जबरदस्ती आणि उपजीविकेवर गदा चालणार नाही, लोकांना समजावून सांगा. 2 मे 2022 रोजी जेकब पुलियल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शरीरावरचा हक्क राज्यघटनेच्या कलम 21 चा (जगण्याच्या हक्काचा) भाग असल्याचं सांगितलं, कोणालाही लस घ्यायला भाग पाडता येणार नाही असं म्हटलं, आणि लस न घेतलेल्यांवरची त्या वेळची बंधनं प्रमाणशीर नाहीत असा निष्कर्ष काढला. लस न घेतलेल्यांकडून होणारा प्रसार घेतलेल्यांहून जास्त असल्याची माहिती सरकारांनी समोर ठेवली नव्हती, हे त्यामागचं कारण. खासगी संस्थांनीही आपल्या अटींचा फेरविचार करावा असं न्यायालयाने सुचवलं.

हा निकाल लसींच्या विरोधात नाही. त्याच निकालात सरकारचं लसीकरण धोरण वाजवी ठरवलं आहे. आणि तो कोविडच्या परिस्थितीपुरता होता. हिपॅटायटिस बीचं बंधन त्याने हलत नाही. आज साध्या कार्यालयीन कामासाठी कोविडचं प्रमाणपत्र मागण्याला आधार उरलेला नाही. कोणत्या नियमाखाली मागता, हे लेखी विचारा.

प्रश्न : इथल्या कंपनीने पुढच्या वर्षाच्या आरोग्य विम्याच्या कागदांत लिहिलं आहे: फ्लू आणि कोविडची लस न घेतल्यास दरमहा 100 डॉलर जास्त. पत्नीला वैद्यकीय कारणाने एक लस चालत नाही. हे कितीपर्यंत वाढवता येतं? (एडिसन, न्यू जर्सी)

अमेरिकेत हा प्रकार गाजला तो डेल्टा एअर लाइन्समुळे. 25 ऑगस्ट 2021 रोजी कंपनीने जाहीर केलं की 1 नोव्हेंबरपासून विमा घेतलेल्या पण लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला महिना 200 डॉलर जास्त पडतील. कोविडसाठी रुग्णालयात राहिलेल्या प्रत्येक कर्मचाऱ्यामागे सरासरी 50,000 डॉलर खर्च येतो, असा हिशेब त्यांनी दिला. एप्रिल 2022 मध्ये हा आकार मागे घेतला. क्रोगर या किराणा साखळीने 1 जानेवारी 2022 पासून युनियनबाहेरच्या पगारदारांना 50 डॉलर लावले आणि लस नसलेल्यांची दोन आठवड्यांची पगारी कोविड रजा बंद केली.

मर्यादा येते ती विम्याच्या ‘वेलनेस’ (आरोग्य-प्रोत्साहन) नियमांतून. 4 ऑक्टोबर 2021 रोजी तिथल्या श्रम, आरोग्य आणि अर्थ खात्यांनी लस नसल्याबद्दलच्या जादा आकाराला हे नियम कसे लागू होतात ते एकत्र स्पष्ट केलं. तुम्ही पाहायचं ते असं.

एकट्या कर्मचाऱ्याच्या विम्याचा पूर्ण हप्ता, म्हणजे तुमचा वाटा अधिक कंपनीचा वाटा, किती आहे ते काढा. तो महिना 700 डॉलर असेल तर 30 टक्के म्हणजे 210 डॉलर ही कमाल. तंबाखू सोडून बाकी सगळे आरोग्यविषयक आकार मिळून या 210 च्या आत बसले पाहिजेत. लोक चूक करतात ती इथे: पगारपावतीवरचा फक्त स्वतःचा वाटा धरतात आणि 30 टक्के ओलांडले असं समजतात. पत्नीलाही ही अट लागू केली असेल तर त्या गटाच्या एकूण हप्त्यावर टक्केवारी मोजतात.

वैद्यकीय कारणाने लस चालत नसेल तर कंपनीला वाजवी पर्याय द्यावाच लागतो, किंवा अट माफ करावी लागते. पर्याय असल्याची सूचना विम्याच्या ज्या ज्या कागदात या आकाराच्या अटी दिल्या आहेत तिथे हवी. नसेल तर तो दोष आहे. मनुष्यबळ विभागाला ई-मेल करून ‘वाजवी पर्यायाची पद्धत लेखी कळवा’ असं मागा. पर्याय पूर्ण केला की सवलत पूर्ण वर्षाची मिळाली पाहिजे, उरलेल्या महिन्यांची नव्हे. वर्षातून किमान एकदा पात्र होण्याची संधी हवी. आणि लस नाही म्हणून विम्यातूनच बाहेर काढणं किंवा एखाद्या आजाराचा खर्च नाकारणं, याला अजिबात परवानगी नाही.

आणखी एक हिशेब कंपन्यांकडून चुकतो. विमा परवडणारा आहे का हे ठरवताना लसीचा आकार सगळ्यांकडून घेतला जातो असं धरावं लागतं, ज्याने लस घेतली त्याच्याही बाबतीत. 2022 साठी मर्यादा उत्पन्नाच्या 9.61 टक्के होती. ती दरवर्षी बदलते. महिना 2,000 डॉलर कमावणाऱ्याला 2022 च्या दराने ती 192.20 डॉलर पडते. त्याचा वाटा 110 आणि आकार 100 असेल तर 210 होतात, म्हणजे विमा न परवडणारा ठरतो आणि मोठ्या कंपनीवर दंडाची वेळ येऊ शकते. कमी पगाराच्या सहकाऱ्यांसाठी हा मुद्दा मनुष्यबळ विभागासमोर नक्की मांडा.

विम्याशी न जोडलेलं रोख बक्षीस किंवा गिफ्ट कार्ड या 30 टक्क्यांत येत नाही, पण ते करपात्र पगार धरलं जातं. कंपनी स्वतःच लस टोचत असेल तर बक्षीस इतकं मोठं नसावं की ती सक्ती वाटावी, कारण टोचण्यापूर्वी आरोग्याचे खासगी प्रश्न विचारले जातात. औषधाच्या दुकानात लस घेऊन नुसता पुरावा दिला तर ही अडचण येत नाही. राज्याचा कायदाही पाहा. मोंटानात 2021 पासून लसीच्या स्थितीवरून नोकरीत भेदभाव करायला बंदी आहे.

100 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपन्यांवर घातलेली लसीची केंद्रीय सक्ती सर्वोच्च न्यायालयाने 13 जानेवारी 2022 रोजी स्थगित केली, म्हणून असे आकारही बेकायदा ठरले, असा समज अजून ऐकू येतो. दोन्ही गोष्टी स्वतंत्र आहेत. तो निकाल सरकारच्या अधिकाराबद्दल होता, कंपनीच्या विमा योजनेबद्दल नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लंडमध्ये गोदामात काम करतो. लस नसल्यास आजारपणाचा पगार कमी, असं होऊ शकतं का? (स्लाव)

जानेवारी 2022 मध्ये आयकिया या फर्निचर कंपनीने तेच केलं होतं: लस न घेतलेला कर्मचारी केवळ संपर्कामुळे विलगीकरणात गेला तर कंपनीचा आजारपणाचा पगार नाही, फक्त कायद्याने देय रक्कम, तेव्हा आठवड्याला 96.35 पौंड. कायद्याने देय रकमेला कंपनी लसीचं कारण सांगून हात लावू शकत नाही. तिच्या वरचा हिस्सा करारावर चालतो. मुलाच्या करारात तो ‘मिळेल’ असा लिहिला आहे की ‘कंपनीच्या मर्जीने’ असा, ते पाहा. पहिल्या प्रकारात त्याच्या संमतीशिवाय बदल कठीण.

प्रश्न : आमच्या कारखान्यात 400 कायम आणि 250 कंत्राटी कामगार आहेत. लसीकरणाचं धोरण लिहायचं आहे, प्रोत्साहन द्यायचं आहे. काय ठेवू, काय टाळू? (वाळूज)

सगळ्यात आधी: आजारपणाच्या रजेला लसीची अट जोडू नका. पगार जाईल या भीतीने माणूस ताप लपवून लाइनवर उभा राहतो आणि दहा जणांना आजार देतो. आम्हाला वाटतं की लसीशी जोडलेल्या धोरणांतली ही सर्वांत महागडी चूक आहे. जे काही द्यायचं ते वरून द्या, हक्काचं काढून घेऊन नका देऊ.

पैशापेक्षा वेळ जास्त उपयोगी पडतो. अमेरिकेतल्या त्या स्थगित झालेल्या नियमातली एक तरतूद उचलण्यासारखी होती: मूळ मालिकेच्या प्रत्येक डोससाठी चार तासांपर्यंत पगारी वेळ, आणि नंतर त्रास झाला तर पगारी विश्रांती. तुमच्याकडे डोसच्या दिवशी दोन तास आणि दुसऱ्या दिवशी ताप आला तर प्रमाणपत्राशिवाय एक दिवस, एवढं लिहा. शिबिर पाळी बदलण्याच्या वेळी ठेवा. सकाळी अकराचं शिबिर रात्रपाळीच्या माणसाला झोप मोडून यायला लावतं, तो येत नाही, आणि मग ‘कामगारांना लस नको आहे’ असा निष्कर्ष निघतो.

कंत्राटी कामगारांना त्याच रांगेत घ्या, त्याच अटींवर. हवा एकच असते.

मुदत लसीच्या वेळापत्रकाला धरून हवी. तीन महिन्यांत हिपॅटायटिस बी पूर्ण करा अशी अट घातली तर ती कोणालाच पाळता येणार नाही. तिसरा डोस सहाव्या महिन्यात आहे. फ्लूची लस दरवर्षी नव्या घटकांची असते आणि परिणाम दिसायला सुमारे दोन आठवडे लागतात, त्यामुळे पावसाळी साथ सुरू झाल्यावर शिबिर घेण्यात अर्थ कमी. एप्रिल-मे योग्य.

शिबिरासाठी पुरवठादाराकडून हे तपासा: लस 2 ते 8 अंशांत आली का, पेटीत तापमापक आहे का, आणि बर्फाच्या पिशव्यांना लस थेट टेकलेली नाही ना. हिपॅटायटिस बीची लस गोठली की निकामी होते आणि वितळल्यावर वरवर तशीच दिसते. मग सहा महिन्यांनी टायटर येत नाही आणि दोष कामगाराच्या शरीराला दिला जातो. टोचल्यावर किमान 15 मिनिटं, अ‍ॅलर्जीचा इतिहास असलेल्यांना 30 मिनिटं तिथेच बसवा. टेबलावर अ‍ॅड्रेनालिन हवं, प्रौढासाठी 1:1000 द्रावणाचं 0.5 मिलिलीटर मांडीच्या स्नायूत, आणि ते द्यायला शिकलेला माणूस हवा.

कार्डावर लसीचं नाव, बॅच क्रमांक, तारीख, कितवा डोस, दंड डावा की उजवा, आणि देणाऱ्याची सही व नोंदणी क्रमांक. कार्डांचे फोटो पर्यवेक्षकाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागवू नका. नकार देणाऱ्याच्या पत्रात गर्भारपण, एचआयव्ही, कर्करोगाचे उपचार अशी कारणं असू शकतात. ती कारखान्याच्या डॉक्टरांच्या कपाटात राहावीत. मनुष्यबळ विभागाला ‘पूर्ण’, ‘बाकी’ किंवा ‘सूट’ एवढंच कळणं पुरेसं आहे. सूट असलेल्याला प्रोत्साहन पूर्ण द्या.

प्रश्न : माझा केटरिंगचा व्यवसाय आहे, लग्नसराईत 30-35 माणसं लागतात. अन्न निरीक्षकांनी टायफॉइडच्या लसीच्या नोंदी मागितल्या. लस नसलेल्यांना कमी रोज दिला तर चालेल का? (कोल्हापूर)

कमी रोज देऊ नका. नोंदी मागणं मात्र बरोबर आहे. अन्नसुरक्षा परवाना विनियम, 2011 च्या अनुसूची 4 नुसार अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकाची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि टायफॉइड गटाच्या आजारांविरुद्ध लस हवी, आणि नोंद तपासणीसाठी जागेवर हवी. जबाबदारी परवानाधारकाची, म्हणजे तुमची. ज्याची लस झाली नाही त्याला कमी पैशांत पुऱ्या लाटायला लावल्याने नियम पाळला जात नाही, पाहुण्यांचा धोकाही कमी होत नाही. वर रोज किमान वेतनाखाली गेला तर वेगळा गुन्हा.

हंगामी माणसांसाठी व्यवहार्य मार्ग असा. लग्नसराईच्या महिनाभर आधी नेहमीच्या माणसांची यादी करा आणि एका दिवशी सगळ्यांना डॉक्टरांकडे न्या. साधी व्हीआय पॉलिसॅकराइड लस 0.5 मिलिलीटरची एक असते आणि दर तीन वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते. कॉन्जुगेट लस महाग असते, पण एका डोसचं संरक्षण जास्त टिकतं. दरवर्षी येणाऱ्या आचाऱ्यांना कॉन्जुगेट दिलेली परवडते. खर्च तुमच्या व्यवसायाचा धरा. नोंदणी झालेल्या डॉक्टरांच्या सही-शिक्क्याचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र त्याच दिवशी घ्या आणि प्रत्येकाच्या दोन प्रती काढा: एक तुमच्या फाइलीत, एक त्याच्याकडे, म्हणजे तो दुसऱ्या केटररकडे गेला तरी पुन्हा टोचून घ्यावं लागणार नाही.

ऐनवेळी आलेल्या माणसाची लस नसेल तर त्याला शिजलेल्या अन्नापासून, कोशिंबिरीपासून आणि पाण्यापासून दूर ठेवा. मांडव, खुर्च्या, सामानाची चढ-उतार ही कामं द्या, रोज तोच. आणि लस झालेल्या माणसालाही जुलाब किंवा ताप असेल तर त्या दिवशी वाढायला उभं करू नका. टायफॉइडची लस पूर्ण संरक्षण देत नाही, आणि जुलाब करणारे बाकीचे जंतू तिला जुमानत नाहीत. अशा माणसाचा त्या दिवसाचा रोज दिलात, तर पुढच्या वेळी तो दुखणं लपवणार नाही.